पेट्रोलची घट, शेजारच्या विहिरीला वास आणि टाकी कंपनीची: जबाबदारी नक्की कुणाची?

वाळव्याची लेक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात राज्यमार्गावर आमचा पेट्रोल पंप आहे. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मीच बघते. जागा आमची, टाक्या आणि मशिनं तेल कंपनीची, एक्स्प्लोझिव्हचं (पेट्रोल साठवण्याचं) लायसन्सही कंपनीच्या नावावर. आम्ही डीलर.

पेट्रोलची टाकी वीस केएलची (वीस हजार लिटरची), जुनी आहे. आमची पेट्रोलची विक्री महिन्याला पंचेचाळीस हजार लिटरच्या आसपास, घट नेहमी तीनशे-सव्वातीनशे लिटर यायची. फेब्रुवारीपासून ती वाढायला लागली आणि मार्चअखेर तेराशेवर गेली. नोझल तपासले, पाच लिटरच्या मापात बरोबर आहेत. सेल्स ऑफिसर म्हणतात, "ऊन वाढलंय मॅडम, बाष्पीभवन आहे, डिप नीट घ्यायला सांगा पोरांना." (डिप म्हणजे टाकीत काठी सोडून पातळी मोजणं.) गेल्या पावसाळ्यात याच टाकीत दोनदा पाणी लागलं होतं, चार-पाच दुचाक्या बंद पडल्या, भांडणं झाली. तेव्हा मॅनहोलचं झाकण बदलून दिलं होतं. दिवाळीनंतर पाणी आलं नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. पंपाच्या मागे उताराला एक शेत आहे, त्यांची विहीर आमच्या कंपाउंडपासून शंभरेक मीटरवर. ते दादा परवा येऊन गेले. म्हणाले, पाण्याला वास येतोय, बैल तोंड लावत नाहीत. मी स्वतः जाऊन बघितलं. वास आहे. पेट्रोलचाच आहे असं शपथेवर सांगणार नाही, पण आहे.

कायद्याने ही जबाबदारी कुणाची? मी कुणाला कळवायचं? लेखी दिलं तर पंप सील होईल असं आमचे मॅनेजर म्हणतात. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

हायवेचा_राजा

ताई, लायसन्स कंपनीचं, टाकी कंपनीची, मग डोकं तुम्ही कशाला लावता? तोंडी सांगितलंत ना सेल्स ऑफिसरला? बास. लेखी दिलं की कागद फिरतो, आणि फिरत फिरत डीलरच्याच गळ्यात पडतो. आमच्या ओळखीत एकाने दिलं, चार महिने पंप बंद. कर्जाचे हप्ते काय कंपनी भरणार आहे? विहिरीचं म्हणाल तर शेतकऱ्याच्या डिझेल इंजिनाचंही तेल सांडतं विहिरीत. आधी ते बघा.

डिपरॉड

ताई, मी सोलापूर रोडच्या एका पंपावर आयुष्य काढलं, आधी फिलर, मग मॅनेजर. आता घरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वरच्या राजेसाहेबांचा सल्ला धंद्याच्या हिशोबाने कळतो. पण तो चुकीचा आहे, आणि तुम्हाला महागात पडेल.

फॉर्म चौदाचं, म्हणजे तुम्ही म्हणता ते एक्स्प्लोझिव्हचं, लायसन्स कंपनीच्या नावावर असतं हे खरं. पेट्रोलियम रूल्स २००२ मध्ये लायसन्सधारकावर जे जे लादलंय ते कंपनीचं. पण तुमच्या विहिरीचा प्रश्न नुसता त्या कायद्यात बसत नाही. १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा काढा आणि कलम ३१ वाचा. अपघाताने किंवा अचानक घडलेल्या प्रकाराने विहिरीत, ओढ्यात किंवा जमिनीवर दूषित पदार्थ जात असेल किंवा जाण्याची शक्यता असेल, तर त्या जागेचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने ताबडतोब राज्य प्रदूषण मंडळाला कळवायचं. मालक कोण, लायसन्स कुणाचं, हे तिथे विचारलेलंच नाही. सकाळी कुलूप उघडता तुम्ही, रजिस्टरवर सही तुमची. म्हणजे ताबा तुमचा. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये जाणूनबुजून विहिरीत घाण जाऊ द्यायला मनाई आहे. शेतकरी परवा येऊन गेला, तुम्ही वास घेतलात, आणि आता इथे चारचौघांत लिहिलंयत. "मला माहीत नव्हतं" हे दार बंद झालं.

आता टाकीकडे येऊ.

घटीचा हिशोब आधी. पेट्रोलला वर्षाला सहाशे केएलपर्यंत विक्री असेल तर ०.७५ टक्के बाष्पीभवन-हाताळणीची घट धरतात. पंचेचाळीस हजारावर ती होते ३३७ लिटर. म्हणजे तुमची नेहमीची घट बरोबर त्या हद्दीत होती. तेराशे म्हणजे रोजचे तीस-बत्तीस लिटर जास्तीचे कुठेतरी जातायत. ऊन लागून एवढं उडत नाही, टाकी जमिनीखाली आहे. ऊन टँकरला लागतं. बारा हजार लिटरचा लोड तापलेला आला आणि टाकीत पाच अंशांनी निवला, तर साठ-सत्तर लिटर आकसतात. महिन्याला चार लोड धरा, तरी हिशोब जुळत नाही. शिवाय हे आकसणं गेल्या उन्हाळ्यातही होतंच की.

डिपचं म्हणाल तर त्यात सेल्स ऑफिसरचा मुद्दा अगदीच फुका नाही. आडवी गोल टाकी पोटात रुंद असते. वीस केएलच्या टाकीत मध्यावर एक सेंटिमीटर म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास, तळाशी दहा सेंटिमीटरवर त्याच्या निम्म्याहून कमी. पोराने अर्धा सेंटिमीटर चुकवला की साठ लिटर हवेत. पेट्रोल काठीवरून चटकन उडतं, म्हणून अंदाजाच्या खुणेला खडू लावूनच काठी सोडायची, सरळ सोडायची, टेकली की लगेच वर. तिरकी गेली की आकडा फुगतो. पण चुकीचा डिप कधी जास्त येतो, कधी कमी. महिनाभर एकाच बाजूला नाही येत. तुमची घट एकाच दिशेने चालली आहे.

गळती आहे का, आणि टाकीत की पाइपात, हे रात्री कळतं. लोड उतरवून निदान एक दिवस होऊ द्या, पेट्रोल निवू द्या. रात्री विक्री बंद झाली की मशिनचा मेन स्विच खाली, टाकीला कुलूप. डिप घ्या, एटीजीचा (टाकीची पातळी आपोआप मोजणाऱ्या यंत्राचा) आकडाही लिहा. पहाटे विक्रीच्या आधी पुन्हा दोन्ही. विक्री बंद असतानाही पातळी उतरली तर नोझल, पोरं, टँकरवाला हे सगळे सुटले. टाकी भरलेली असताना एकदा करा आणि निम्म्याच्या खाली गेल्यावर एकदा करा. भोक ज्या उंचीला असतं त्याच्या खाली पातळी गेली की गळती थांबते. हा फरक सापडला तर मग कुणी काय बोलायचं उरत नाही.

आणि पावसाळ्यातलं पाणी. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. जुन्या टाकीला भोक पडलं आणि बाहेर, टाकी पुरलेल्या खड्ड्यात, पाणी वर चढलं, तर दाब बाहेरून आत असतो. पाणी आत येतं, पेट्रोल बाहेर जात नाही. दिवाळीनंतर भूजल उतरतं, फेब्रुवारी-मार्चला खड्डा कोरडा पडतो, मग दाब उलटा होतो आणि पेट्रोल निघतं. पावसात पाणी आणि उन्हाळ्यात घट, ही एकाच भोकाची दोन तोंडं. झाकण बदलून हे थांबणार नव्हतं.

पाणी तपासताना एक सांभाळा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. थोडं पाणी ते पोटात घेतं, दिसू देत नाही. हद्द ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर होतो. डिपच्या काठीला लावायची नेहमीची तपकिरी पेस्ट, जी पाण्याला लाल होते, ती या थराला कधी कधी नीट रंग दाखवत नाही. इथेनॉलच्या पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट मिळते, ती कंपनीकडून मागून घ्या. एटीजीचा पाण्याचा फ्लोटही (तळाचं पाणी दाखवणारा तरंगता भाग) साध्या पाण्यासाठीचा जुना असेल तर त्या थरात बुडून बसतो, कारण तो थर पाण्यापेक्षा हलका. स्क्रीनवर शून्य दिसलं म्हणून पाणी नाही असं समजू नका. २०२५ च्या जूनमध्ये रतलामला मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या पाणीमिश्रित डिझेलने बंद पडल्या होत्या. पावसाचं पाणी टाकीत शिरलं होतं म्हणे. तिथे गाड्या साहेबांच्या होत्या म्हणून रातोरात पंप सील झाला. दुचाकीवाल्याला कोण विचारतं.

विहिरीबाबत आजच करायचं ते सांगतो. त्या दादांना सांगा मोटर चालू करू नका, स्टार्टरची पेटी विहिरीच्या काठावर असेल तर तिला हातही लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, विहिरीच्या तोंडाशी साचून राहते. काठावर विडी नको. पाणी जनावरांना नको, माणसांना तर नकोच. आणि "बघूया पेटतंय का" म्हणून बादलीत काडी टाकणारा एक महाभाग प्रत्येक गावात असतो, त्याला लांब ठेवा.

मग मेल. तोंडी काहीही नाही. कंपनीच्या विभागीय कार्यालयाला, सेल्स ऑफिसरला, राज्य प्रदूषण मंडळाच्या कार्यालयाला, आणि पेसोला, म्हणजे पेट्रोल-स्फोटकांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या केंद्राच्या खात्याला. (पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, पश्चिम विभागाचं कार्यालय बेलापूरला.) चार ओळी पुरतात: अमुक महिन्यात अमुक घट, अमुक तारखेला शेजाऱ्याची तक्रार, टाकीची तपासणी करावी ही विनंती. आरोप करू नका, आकडे द्या. डीएसआरची (रोजच्या विक्री-साठ्याच्या नोंदवहीची) पानं जोडा.

राजेसाहेब, पंप चार महिने बंद राहिला असेल, मान्य. पण ज्याने कळवलं नाही त्याचं काय झालं हेही कधी विचारा.

हायवेचा_राजा

काका, पुस्तकात सगळं बरोबर असतं. मेल गेल्यावर कंपनी पहिलं काय विचारेल सांगू? "फेब्रुवारीतच का नाही कळवलंत?" मग ताईंनी काय सांगायचं?

डिपरॉड

विचारतीलच. सांगायचं की सेल्स ऑफिसरला अमुक तारखेला फोन केला होता, ते बाष्पीभवन म्हणाले. फोनमध्ये कॉलची नोंद असते. फेब्रुवारीचा जाब द्यावा लागतोय म्हणून एप्रिलही घालवायचा का?

पीचट्री

मी अटलांटाजवळ राहतो, पर्यावरण सल्लागार कंपनीत आहे, गॅस स्टेशनच्या जुन्या टाक्यांखालची माती आणि भूजल तपासणं हेच काम. तुलनेसाठी लिहितो, कारण इथे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर नियमातच वेगळं करून दिलंय.

२००५ च्या ऊर्जा कायद्यानंतर इथे जमिनीखालच्या प्रत्येक टाकीसाठी तीन दर्जांचे ऑपरेटर नेमावे लागतात आणि त्यांचं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. 'ए' म्हणजे ज्याच्याकडे एकूण जबाबदारी, विमा, नोंदणी वगैरे. 'बी' म्हणजे रोजची देखभाल आणि चाचण्या बघणारा. 'सी' म्हणजे काउंटरवरचा पोरगा, ज्याला अलार्म वाजला तर काय बंद करायचं आणि कुणाला फोन करायचा एवढं पक्कं माहीत असलं पाहिजे. मालक वेगळा आणि चालवणारा वेगळा असला तरी कायदा दोघांनाही धरतो. त्यांनी आपसात काय करार केलाय याच्याशी सरकारला देणंघेणं नाही.

गळतीचा संशय आला की २४ तासांत राज्याच्या यंत्रणेला कळवायचं. संशय, सिद्ध झालेली गळती नव्हे. जे लोक अजून डिप आणि विक्रीच्या हिशोबावर चालतात त्यांच्यासाठी मर्यादा आहे महिन्याच्या विक्रीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन. ताईंचा आकडा त्यात बसवून बघितला: ४५ हजार लिटर म्हणजे सुमारे ११,९०० गॅलन, मर्यादा येते २४९ गॅलन, म्हणजे ९४० लिटर. तेराशे इथल्या ढिल्या मापातही बसत नाहीत. ढिलं म्हणतो कारण नुसत्या या हिशोबावर कायम भागत नाही. टाकी बसवल्यापासून दहा वर्षंच ही पद्धत चालते आणि तीही टाकीच्या दाबचाचणीच्या जोडीने.

काकांचं भूजलाचं निदान मला पटतं. एक भर घालतो. जमिनीतले जिवाणू इथेनॉल आधी खातात, त्यात तिथला प्राणवायू संपतो, आणि बेन्झीन मात्र जास्त काळ, जास्त लांब टिकतं. त्यामुळे वास कमी झाला म्हणजे पाणी सुधारलं असं नाही. नमुना तपासायला देताना बेन्झीन, टोल्यूइन, इथाइलबेन्झीन आणि झायलीन हे चारही सांगून मागा. नुसतं "पिण्यायोग्य आहे का" विचारलंत तर क्षार आणि जंतू तपासून रिपोर्ट हातात देतील. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ, वर हवा न ठेवता, आणि बर्फात.

अवांतर: आमच्या इथले निम्मे स्टेशनवाले गुजराती. टाकीच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी बघितला नाही, कारण प्रत्येकाच्या ओळखीत सफाईच्या खर्चाने बुडालेला एक तरी आहे.

वाळव्याची लेक

सगळ्यांचे आभार. जे झालं ते सांगते.

काकांनी सांगितल्याप्रमाणे रात्रीचा डिप घेतला. पातळी १४० सेंटिमीटरच्या वर असताना दोन रात्री पकडल्या, दोन्ही वेळा पहाटे तीन मिलिमीटर खाली. एटीजीही तेच म्हणतं. साठच्या आसपास आल्यावर पुन्हा घेतला, केसभरही हलली नाही. डिझेलची टाकी तशीच धरून बघितली, तिथे काही नाही.

मेल पाठवला. तिसऱ्या दिवशी कंपनीचे इंजिनिअर आले. सेल्स ऑफिसर बरोबर होते पण बोलले नाहीत. पेट्रोलची विक्री बंद केली आहे, डिझेल चालू आहे. पंप सील वगैरे काही झालेलं नाही (हायवेचा_राजा दादा, नोंद घ्या). मंडळाचे लोक विहिरीचा नमुना घेऊन गेले. मी चारही नावं कागदावर लिहून दिली, त्यांनी कागद दोनदा वाचला.

आता कंपनीचा ठेकेदार येणार आहे. टाकी उपसून, आत माणूस उतरवून साफ करायची आणि आतून भोक शोधायचं म्हणतोय. "अर्ध्या दिवसाचं काम आहे, तुम्ही फक्त पोरांना चहा द्या." माझ्याकडून एक सही हवी आहे म्हणाला. ती द्यावी का?

डिपरॉड

शाब्बास ताई. साठ आणि एकशे चाळीसच्या मध्ये कुठेतरी आहे म्हणजे. त्या टाकीत आता एक थेंबही नवा लोड घेऊ नका. उरलेला माल कंपनीने टँकरने काढून न्यायचा, त्याची मोजणी तुमच्यासमोर आणि लिहून.

सही आत्ता देऊ नका. उपसलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. पेट्रोल काढलं तरी तळाचा गाळ आणि भिंतीची गंज वाफ सोडत राहते. मी एका पंपावर बघितलंय: ठेकेदाराचा पोरगा तोंडाला ओला रुमाल बांधून मॅनहोलमध्ये उतरला, दोन मिनिटांत हाकेला ओ देईना. त्याला काढायला दुसरा निघाला होता, त्याची कॉलर मी धरून ठेवली. पहिला वाचला, कारण कमरेला दोर होता आणि वर ओढायला चार माणसं होती. दोर त्याने स्वतः बांधला नव्हता, आमच्या म्हाताऱ्या वॉचमनने जबरदस्तीने बांधला होता. ओल्या रुमालाने पेट्रोलची वाफ अडत नाही. आत प्राणवायूच नसेल तर कसलाच रुमाल उपयोगाचा नाही.

तेव्हा ठेकेदाराला विचारा: गॅस-फ्री सर्टिफिकेट, म्हणजे टाकीत घातक वाफ उरली नाही याचा दाखला, कोण देणार आणि कधी? ते सक्षम व्यक्तीचं हवं, त्याच दिवसाचं हवं, आणि माणूस उतरायच्या आधीचं हवं. मीटर तुमच्यासमोर आत सोडायचा, वर, मध्ये आणि तळाशी. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही. दोर, पट्टा, वर सतत एक माणूस जो दुसरं काहीही करणार नाही. ब्लोअर ठिणगी न उडवणारा. हे सगळं कंपनीच्या वर्क परमिटवर लिहून, कंपनीच्या इंजिनिअरची सही झाली, की मग खाली तुमची. "अर्ध्या दिवसाचं काम" म्हणणाऱ्याचा मला नेहमीच संशय येतो. आणि आतून पत्रा ठोकून वेल्डिंग करून देतो म्हणाला तर त्याला गेटबाहेरच ठेवा. जुन्या टाकीला ठिगळ नको, नवी मागा, दुहेरी भिंतीची मागा, मेलवर मागा.

दिवसांचंही भान ठेवा. जून आला की खड्ड्यात पाणी चढणार. वीस हजार लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडाली तर तिला वर उचलणारा जोर वीस टनांच्या आसपास होतो, टाकीचं स्वतःचं वजन त्याच्यापुढे काहीच नाही. टाकीला खाली धरून ठेवणारे जुने पट्टे गंजलेले असतील तर टाकी काँक्रीट फोडून वर येते, आणि बाजूची डिझेलची पाइपलाइन तोडून येते. म्हणजे मेअखेर एकतर ती बाहेर निघाली पाहिजे नाहीतर कंपनीने तिला धरून ठेवायची सोय लिहून दिली पाहिजे. इंजिनिअरला हा प्रश्न आताच घाला, मग त्याला तारखा ठरवाव्याच लागतील.

आणि त्या शेतकरी दादांकडे रिपोर्टची वाट न बघता पाण्याचा टँकर सुरू करा. पावत्या जपून ठेवा, बिल कंपनीकडून कसं काढायचं ते मी सांगतो.